प्रभाचे पाच किल्ले

ईरा आणि कबीर,

रागात लिहू नये, असं मला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं होतं. रागाने लिहिलेलं पत्र रात्रभर उशीखाली ठेवायचं आणि सकाळीही पाठवावंसं वाटलं तरच पाठवायचं. मी आठवडाभर थांबले. राग कमी झाला नाही, उलट आता तो चांगला ऐसपैस बसला आहे. तेव्हा लिहिते. तुम्ही माझी नातवंडं, पुण्यात राहता आणि मराठी वाचता. मी ज्यांच्यावर रागावले आहे त्यांना मराठी वाचता येत नाही. तीही एक सोयच.

मागच्या शनिवारी माझी मैत्रीण प्रभा हिची शोकसभा झाली. इथे शोकसभेला ‘सेलिब्रेशन ऑफ लाइफ’ म्हणतात, आणि जाताना पांढरे कपडे घालायचे की नाहीत यावर दोन दिवस फोनवरच्या ग्रुपवर चर्चा चालते. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधलाच एक हॉल, मागच्या टेबलावर कॉफी आणि सामोसे, पुढे मोठा पडदा. पडद्यावर फोटो सरकत होते. साताऱ्याची दोन वेण्यांची प्रभा, लग्नातली प्रभा, बर्फात खोरं घेऊन उभी प्रभा. शेवटचा फोटो मात्र सरकला नाही, तसाच ठेवला होता. त्यात ती व्हीलचेअरमध्ये बसली आहे, अंगात जांभळा टीशर्ट, डोक्यावर जांभळी टोपी, मागे अवाढव्य फ्रेंच किल्ला. खाली इंग्रजीत अक्षरं: मॉम्स ड्रीम ट्रिप.

तिचा मुलगा नील माइकवर म्हणाला, की आईचं आयुष्यभराचं एक स्वप्न होतं आणि ते आम्हांला पूर्ण करता आलं, याचं मोठं समाधान आहे.  लोकांनी डोळे टिपले. माझ्या शेजारी वैद्यकाका बसले होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “नशीब लागतं हो लीलाताई. आमची मुलं एअरपोर्टपर्यंत सोडायला येत नाहीत.”

मी उठले आणि मागे कॉफीपाशी जाऊन उभी राहिले. तिथे बसून राहिले असते तर मी माइक घेतला असता.

नील खोटारडा नाही, हे आधीच सांगते. तो खरंच तसं समजतो. माझा राग त्यामुळे दुप्पट आहे.

प्रभा व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. सांगलीला शिकली, तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी. इथे आल्यावर तिने जन्मभर शिकागोच्या पश्चिमेकडच्या गावांमधल्या पार्किंगच्या इमारतींचे आराखडे काढले, त्यांचे उतार आणि मुख्यतः जिने. ती म्हणायची, “लोक गाडी लावतात आणि पळत सुटतात. माझा एकही जिना आजवर कुणी पाहिलेला नाही. वापरलाय सगळ्यांनी.”

ती स्वतः मात्र जिने पाहायची. कुठेही गेलो तरी चढताना ती तिसऱ्याचौथ्या पायरीवर थांबे, वाके आणि पुढच्या पायरीच्या उभ्या भागाला तळहात लावून उंची बघे. मागची माणसं तिच्यावर आदळत. तिला त्याचं काही वाटत नसे. कबीर, तू पाच वर्षांचा असताना इथे आला होतास तेव्हा लायब्ररीच्या जिन्यावर तुला थांबवून तुझाही हात तिने पायरीला लावला होता. तू रडलास. ती म्हणाली, “रडू दे, पण आठवेल त्याला.”

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या इमारतीत असायचा. आमची ओळख तिथलीच. सगळे वर हॉलमध्ये नटूनथटून जमलेले, आणि एक ठेंगणी बाई भरजरी साडीत जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला कठड्याला धरून उभी. येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होती, “जपून, शेवटची पायरी खोटी आहे.” ती पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बाई जागची हलली नाही. मी तिला विचारलं की तुम्ही दर्शन घेतलंत का. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ती पायरी बांधली होती. “सगळ्या पायऱ्या सारख्या असतील तर माणूस डोळे मिटून चढतो. पाय मोजत असतो, आपल्याला कळत नाही इतकंच. त्यातली एक वेगळी केलीत की पाय फसतो. देव काय, उद्याही आहे.” पुढे तिने त्या शाळेच्या मागे लागून ती पायरी तासून घेतली. शाळेने कंटाळून केली की पटून केली, मला माहीत नाही.

तिचा स्वभाव रागीट होता, आणि शोकसभेत एकानेही हे सांगितलं नाही. सगळ्यांची प्रभा ‘स्वीट’ होती. ती स्वीट नव्हती. रागावली की तिचा आवाज खाली जाई, इतका खाली की समोरच्याला आपलं बोलणं थांबवून ऐकावं लागे. आणि तिच्या रागाचं कारण बहुतेक वेळा एकच असे, घाई. कुणी “चला चला, उशीर झाला” म्हटलं की ती शांतपणे विचारी, “घाई कुणाची आहे ते सांगा. त्याला पुढे पाठवू.”

जेवायची तर इतकी सावकाश की मंडळाचे स्वयंसेवक तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या उचलून घडी करून ठेवत, टेबलावरचा प्लास्टिकचा कागद गुंडाळत तिच्या ताटापर्यंत येत आणि थांबत. ती भाताचा शेवटचा घास संपवी, ताक पिई, आणि मग म्हणे, “गुंडाळा.”

तिचा नवरा सुधीर अगदी उलट. चांगला माणूस, पण प्रवास म्हणजे अंतर कापणं अशी त्याची समजूत. सुट्टी लागली की तो गाडी काढी आणि पहाटेपासून चालवत सुटे. ग्रँड कॅन्यनला तर त्याने इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं, असं ती सांगायची. त्यांचे अल्बम मी पाहिले आहेत. डोंगर बदलतात, धबधबे बदलतात, नीलची उंची वाढत जाते. प्रभाचा एक हात मात्र प्रत्येक फोटोत गाडीच्या दारावर आहे.

सुधीर गेल्यावर तिला वाटलं की आता वेळ आपला. पण नील विमानाच्या अंतरावर, मॉरिसव्हिलला होता, त्याला दोन मुलं झाली, आणि इथली आजी म्हणजे काय असते ते तुम्हांला ठाऊक नाही. तुमची दुसरी आजी तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. इथे फोन येतो, “मॉम, कॅन यू कम?” आणि आजी विमानात बसते. नॅनी सोडून गेली, पाळणाघराला सुट्टी लागली, सुनेचं गुडघ्याचं ऑपरेशन, नीलची लंडनची मीटिंग. प्रभा प्रत्येक वेळी गेली. नातवंडांवर तिचा जीव होता, त्यात शंका नको. पण तिने इथल्या कम्युनिटी कॉलेजात फ्रेंचच्या पहिल्या वर्गात नाव घातलं होतं, आणि ते तिला पुन्हापुन्हा घालावं लागलं. ती म्हणायची, “मला फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख उत्तम करून देता येते. नाव, गाव, धंदा. त्यापुढचा धडा आला की मॉरिसव्हिलहून फोन येतो.”

फ्रेंच कशाला, तर किल्ल्यांसाठी. फ्रान्समध्ये ल्वार नावाच्या नदीच्या काठाने राजेरजवाड्यांनी बांधलेले शातो आहेत, चारपाचशे वर्षांपूर्वीचे. साताऱ्याच्या बाईला त्यांना किल्ले म्हणणं पसंत नव्हतं. लहानपणी ती वडिलांबरोबर दर रविवारी अजिंक्यतारा चढलेली. “बुरूज आहेत, खंदक आहे, आणि लढाईचा विचार कुणाच्या मनात नाही. हे वाडे आहेत. टोप्या घातलेले वाडे.” तरी बोलताना ती किल्लेच म्हणे. त्यांतल्या शाँबोर नावाच्या किल्ल्यात एक जिना आहे. म्हटलं तर एक, म्हटलं तर दोन. एकाच पोकळ खांबाभोवती दोन जिने एकमेकांत गुंफून वर चढतात. एकाने चढणारा माणूस आणि दुसऱ्याने उतरणारा माणूस मधल्या खिडक्यांतून एकमेकांना दिसतात, पण त्यांची गाठ पडत नाही. कॉलेजात असताना एका पुस्तकात तिने त्याचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून तो जिना तिच्या डोक्यात होता.

वैद्यकाका एकदा तिच्याकडे चहाला आले. ते दरवर्षी टूर करतात. म्हणाले, “फ्रान्स आम्ही कव्हर केलं. दोन दिवसांत सगळे मोठे किल्ले.” प्रभाचा आवाज खाली गेला. “कव्हर केलंत? मग आत काय होतं ते तुम्हांला दिसलं नसेल.” काका हसले. ती हसली नाही.

तिच्या जेवणाच्या टेबलावर शेवटची तीन वर्षं कुणी जेवलं नाही. तिथे त्या नदीचा मोठा नकाशा पसरलेला, वर जाड पारदर्शक प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर पाच गुंड्या. पाहुणे आले तर स्वयंपाकघरात उभ्याने खात. लोक येऊन बघत आणि म्हणत, “पाचच?” तीन आठवड्यांत पाच किल्ले ही गोष्ट आमच्यात कुणाच्या गळी उतरत नसे. इतक्या दिवसांत युरोप संपतो. ती समजावून सांगे, की पहिल्या दिवशी आपण आलोय एवढंच कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, तेव्हा काहीतरी दिसतं. तिसऱ्या दिवशी आत जायचंच नाही, समोरच्या गवतावर बसायचं आणि डबा खायचा. दोन किल्ल्यांच्या मध्ये एक रिकामा दिवस, कपडे धुवायला. या रिकाम्या दिवसांचं तिला किल्ल्यांहून अप्रूप होतं.

एका लहान गावात तिने घर घेतलं होतं, तीन आठवड्यांसाठी. मालकीण ओडिल नावाची बाई, हिच्याच वयाची. घरात माडी होती, म्हणून प्रभाने फोन करून विचारलं की जिन्याची पायरी केवढी आहे. दुसरी एखादी फोन ठेवून देती. ओडिलबाई टेप घेऊन गेली, प्रत्येक पायरी मोजली आणि फोन करून सांगितली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, आकडे येत होते. मग त्या दर रविवारी बोलू लागल्या.

मला तिने येतेस का असं विचारलं नाही. म्हणाली, “लीला, तू येणार आहेस. तुला वेळेवर उठता येतं आणि गप्प बसता येतं.” इतकी चांगली शिफारस माझी कुणी केलेली नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगते. इथे आमच्या वयाच्या बायकांचे पासवर्ड मुलांकडे असतात. फोन मुलगा आणतो, मुलगाच सुरू करून देतो, ईमेल त्याच्याही फोनवर दिसते. आम्हांला त्यात काही वावगं वाटत नाही, कौतुकच वाटतं. घराचं बुकिंग पक्कं झाल्याची ईमेल नीलने मॉरिसव्हिलला बसून वाचली. जुनं घर, दगडी जिना, तीन आठवडे, सत्तरी उलटलेल्या दोन बायका. तो घाबरला असणार, मला समजतं. फोन करून ‘मॉम, हे काय?’ एवढं विचारायचं होतं. ते त्याने केलं नाही.

तिच्या पंच्याहत्तरीचा समारंभ इथल्याच एका रेस्टॉरंटच्या हॉलमध्ये झाला. औक्षण झालं, पंच्याहत्तर दिवे ओवाळले, केक कापला. मग नीलने एक खोकं उघडलं आणि सगळ्यांच्या अंगावर जांभळे टीशर्ट टाकले. त्यावर ‘प्रभाज कॅसल स्क्वॉड’ असं लिहिलेलं आणि खाली एक किल्ला, लहान मुलांच्या केकवर असतो तसला. नील म्हणाला, “मॉम, वी नो युअर सीक्रेट! तुम्हां दोघींना एकट्याने जायची गरज नाही. वी आर ऑल गोइंग!” सगळं कुटुंब, सुनेचे आईवडील, मीसुद्धा. नऊ दिवस, भारतीय जेवणवाली टूर, एसी बस, बारा किल्ले आणि शेवटी पॅरिस. टाळ्या वाजल्या. नातवंडं येऊन आजीला बिलगली.

प्रभाने हातातला टीशर्ट घडी करून टेबलावर ठेवला.

“आणि घर?” तिने विचारलं.

“कॅन्सल केलं, मॉम. डोन्ट वरी.”

“ओडिलला काय सांगितलंस?”

“कुणाला?” नील म्हणाला. “ओह. ॲपवर होतं ते. वन क्लिक.”

मला वाटलं, आता तिचा आवाज खाली जाणार आणि हॉल गप्प होणार. तसं काही झालं नाही. तिने केकची बशी पुढे ओढली आणि खायला लागली. इतका वेळ खात बसली की हॉलवाल्यांनी निम्मे दिवे घालवले. घरी मी तिला सोडलं. गाडीतून उतरताना मी म्हटलं, की सांग त्याला, नाही जायचं म्हणून. ती म्हणाली, “काय म्हणून सांगू? त्याने चोरी केली असती तर पोलिसांत गेले असते. त्याने प्रेम केलंय.” दार लावलं आणि आत गेली. टेबलावरच्या गुंड्या दुसऱ्या दिवशी मी पाहिल्या तेव्हा जागच्या जागी होत्या.

आम्ही त्या टूरला गेलो. मी सहसा क्रम मोडत नाही, पण पुढचं आधी सांगून टाकते. परत आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती पासवर्ड बदलण्याची. दुसरी गोष्ट, ओडिलबाईला फोन करून येत्या वसंतातले तीन आठवडे पुन्हा मागितले. तेव्हा पानगळ सुरू झाली होती. थंडीत तिचं पोट दुखायला लागलं, आणि रस्त्यावरचा बर्फ वितळायच्या आत सगळं संपलं. हॉस्पिटलमधली प्रभा मी तुम्हांला सांगणार नाही. तिथे तिला सगळे ‘स्वीटी’ म्हणत होते.

त्या टूरमध्ये एक किल्ला बुडाला. बारापैकी अकराच झाले. का, तर मॉमला चक्कर आली, असं नीलने बसमधल्या लोकांना सांगितलं आणि पुढे मंडळालाही तेच सांगितलं. तिला चक्कर आली नव्हती. मी तिथे होते.

शाँबोर सहाव्या दिवशी आलं. तोवर आमची सकाळ गाइडच्या शिट्टीने सुरू होत होती. बसमध्ये सकाळी इडली, किल्ल्यापुढे ग्रुप फोटो, दुपारी छोले, पुन्हा बस. प्रभाला नीलने विमानतळापासून व्हीलचेअर बुक केली होती आणि ती नको म्हणत असताना टूरभर बरोबर ठेवली होती. ती ठणठणीत होती, पण खुर्चीत बसवलं की तिला पुढे ढकलता येत होतं, आणि बसला उशीर होत नव्हता. सगळ्यांचे पासपोर्ट नीलच्या पोटाला बांधलेल्या पाउचमध्ये होते. तेही सोयीसाठीच.

किल्ल्यासमोर तो फोटो काढला. पडद्यावर होता तो हाच. नीट पाहिलं असतं तर कुणालाही तिचे घट्ट मिटलेले ओठ दिसले असते. पण लोक फोटोत किल्ला बघतात. गाइडने हातातला झेंडा हलवून सांगितलं, की आत ज्यांना जायचं त्यांनी पळत जाऊन या, वॉशरूम डावीकडे, आपल्याला पुढचा किल्ला बंद व्हायच्या आत गाठायचा आहे. नील बसच्या ड्रायव्हरशी बोलायला गेला. प्रभा माझ्याकडे वळून म्हणाली, “वॉशरूमला जाते.” खुर्चीतून उठली आणि उजवीकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेले.

तो जिना मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मला इमारतींतलं काही कळत नाही. पांढरट दगड, मधोमध उभा, चारी बाजूंनी मोठी दालनं, आणि वरून उजेड खाली येतो. प्रभा खाली उभी राहून फक्त वर बघत होती. मग चढली. चौथ्या पायरीवर थांबली, वाकली, आणि तळहात लावला. तिच्या बाजूने माणसं चढत होती, उतरत होती, कुणी ‘पार्दाँ’, म्हणजे माफ करा, म्हणत वाट काढत होतं. पुढच्या पायरीला हात लावला. त्याच्या पुढच्या. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. “सारख्या आहेत गं,” ती म्हणाली. “पाचशे वर्षं लोकांनी झिजवल्यात, तरी सारख्या.”

अशी ती चढत राहिली, प्रत्येक पायरीला हात लावत. मी दोन पायऱ्या मागे. एका फेरीवर मधल्या खिडकीतून पलीकडच्या जिन्यावर मला जांभळं काहीतरी दिसलं. नील होता. धावत वर चढत होता. त्यालाही आम्ही दिसलो.

“मॉम! व्हॉट आर यू डूइंग?”

“जिना बघतेय.”

“एव्हरीबडी इज वेटिंग. बस निघतेय.”

“जाऊ दे.”

तो धापा टाकत वरच्या मजल्यावर गेला. आम्ही तोवर वळून आमच्याच जिन्याने उतरायला लागलो होतो. तिने हे मुद्दाम केलं, याबद्दल मला शंका नाही. पुन्हा खिडकीतून तो दिसला, आता आमच्या वर. “मॉम, धिस इज नॉट फनी,” असं तो म्हणाला आणि त्यात तो बरोबर होता. पहिल्या मजल्यावर आम्ही थांबलो, कारण तिला थांबायचं होतं, आणि तिथे त्याने आम्हांला गाठलं. घामाघूम झाला होता. रागावला होता, आणि घाबरलाही होता.

ती त्याच्याशी मराठीत बोलली. तिचा आवाज इतका खाली गेला होता, की माझ्याही कानी जेमतेम पडत होता.

“नील, तू मला विचारलं नाहीस.”

“मॉम, इट वॉज अ सरप्राइज.”

“मी जागा बघून ठेवली होती. दिवस ठरवले होते. ती बाई पायऱ्या मोजून फोनवर सांगत होती मला. तू विचारलं नाहीस.”

“आय वॉज वरीड अबाउट यू.”

“ते मला माहीत आहे. वरी करणाऱ्याने विचारायचं असतं.”

नीलने कपाळावरचा घाम पुसला. मग बारीक आवाजात म्हणाला, की ओके, आपण हॉटेलवर बोलू. ती म्हणाली की हॉटेलवर ती येत नाही. ओडिलचं गाव इथून टॅक्सीच्या अंतरावर आहे, तिची एक खोली रिकामी आहे, ओडिल वाट बघते आहे, सकाळीच बोलणं झालंय. आणि तिने हात पुढे केला. तळहात वर.

“माझा पासपोर्ट दे.”

मी नीलकडे पाहत होते. त्याचा हात त्या पाउचच्या चेनवर गेला. खरंच गेला, मी पाहिलं. क्षणभर मला वाटलं, देतोय. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तुम्ही लहान असताना ताप चढून बरळायला लागलात की तुमच्या आईचा होतो तसा. म्हणाला, “मॉम, यू आर डिहायड्रेटेड. सकाळपासून तू पाणी प्यायली नाहीस.” आणि त्या उघड्या हातावर त्याने पाण्याची बाटली ठेवली.

 त्याने तिला मारलं असतं तरी मला इतका राग आला नसता. मारणाऱ्याला निदान समोर कोण उभं आहे ते दिसत असतं.

प्रभाने बाटलीकडे पाहिलं. ओरडली नाही, फेकली नाही. झाकण घट्ट आहे का ते बघितलं आणि ती त्याच्या हातात परत दिली.

“ठेव. तुला लागेल,” ती म्हणाली. “थांबावं लागणार आहे.”

आणि वळून पुन्हा चढायला लागली.

बाहेरून बसचा हॉर्न आला. नील खाली उभा राहून “मॉम... मॉम, प्लीज” म्हणत होता, पण तिच्या मागे गेला नाही. कुठल्या जिन्याने जायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं. मीही गेले नाही. तिने मला बोलावलं नव्हतं. गोल जिन्यावर चढणारं माणूस आधी डोक्याने नाहीसं होतं. तिची टोपी गेली, मग तो जांभळा टीशर्ट, मग पायरीपर्यंत वाकलेला हात. शेवटी नुसते बूट दिसत होते, आणि ते प्रत्येक पायरीवर दोन्ही जुळेपर्यंत थांबत होते.